ओटीटीवर ‘देशी’ कोटा आला तर मराठीला काय मिळणार?

आपल्याकडे ओटीटीवर सरकारने लक्ष ठेवावं की नाही, ही चर्चा सुरू झाली की ती पाच मिनिटांत शिव्या आणि बेडरूम सीनवर येते. २०२१ चे आयटी नियमही त्याच अंगाने आहेत. वयाप्रमाणे वर्गवारी, तक्रार कुठे करायची, त्याचे तीन टप्पे. म्हणजे काय दाखवू नका ते सांगितलं. आमच्या भाषेत काही बनवा, असं कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

कॅनडाने सांगितलं. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी ऑनलाइन स्ट्रीमिंगचा कायदा केला. जून २०२४ मध्ये तिथल्या नियामकाने आकडा काढला: कॅनडात वर्षाला अडीच कोटी डॉलर किंवा जास्त कमावणाऱ्या, तिथल्या प्रसारकांशी संबंध नसलेल्या कंपन्यांनी त्या कमाईतले ५ टक्के द्यायचे. ते पैसे कॅनेडियन निर्मितीला, स्थानिक बातम्यांना, तिथल्या मूळ निवासींच्या चित्रपट-मालिकांना जाणार. कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्या. जाणारच.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. नुसतं ‘कॅनेडियन’ म्हटलं असतं तर सगळं इंग्रजीत बनवून कंपन्या मोकळ्या झाल्या असत्या. क्युबेकच्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून मुळात फ्रेंचमध्ये बनलेल्या कार्यक्रमांचा वेगळा उल्लेख थेट कायद्यात आहे. मुळात बनलेल्या. डब केलेल्या नव्हे!

आता हे इकडे आणून बघा. उद्या दिल्लीने नियम काढला की ३० टक्के कंटेंट देशी हवा. (युरोपात तेवढाच आकडा आहे, युरोपियन कलाकृतींसाठी.) आपण टाळ्या वाजवू. आणि तो कोटा हिंदी, तमिळ, तेलुगू पहिल्याच दिवशी भरून टाकतील, कारण तो आजच भरलेला आहे. मराठी तिथेच राहील, ‘रीजनल’ नावाच्या ओळीत, चार वेळा खाली सरकवल्यावर. आमच्या घरी एका ॲपवर भाषा मराठी निवडली की आधी मराठीत डब केलेले दाक्षिणात्य सिनेमे येतात. उद्या तेही मराठीत मोजले जातील.

दुसरं म्हणजे, नुसत्या कोट्यावर माझा फार विश्वास नाही. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी प्राइम टाइम सक्तीचा केला होता, आठवतंय ना? केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी तडजोडीत प्राइम टाइम दुपारी बारापासून सुरू झाला! ब्रिटनने १९२७ मध्ये थिएटरांना ब्रिटिश सिनेमांचा कोटा लावला, तर तो भरायला स्वस्तातले, घाईत उरकलेले सिनेमे निघाले. त्यांना नावच पडलं ‘कोटा क्विकी’. अनुदानावर डोळा ठेवून काढलेले आपले काही सिनेमे डोळ्यासमोर आणा, म्हणजे कळेल.

म्हणून मागायचे ते पैसे. फ्रान्सने २०२१ पासून मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांना तिथल्या उलाढालीतला किमान २० टक्के भाग युरोपियन आणि फ्रेंच निर्मितीत घालायला लावला. आपण २० म्हणू नये, ५ पुरेत. पण त्यात भाषेचा वाटा लिहिलेला हवा, आणि डबिंगचा खर्च त्यात धरू नये.

कुणी म्हणेल, मग सबस्क्रिप्शन महागेल. महागेल थोडं, शक्य आहे. तसंही ते दर काही वर्षांनी महागतंच, आणि तेव्हा बदल्यात एकही मराठी मालिका मिळत नाही. ‘मराठी लोक पैसे देऊन बघत नाहीत’ हे मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. पण दुकानात माल ठेवायचाच नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणायचं, हे कसं चालेल?

आणि हे मुंबईत मागून उपयोग नाही. ओटीटी नोव्हेंबर २०२० पासून केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याकडे आहे. त्या खात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारण विधेयकाचा मसुदा काढला, त्यात ओटीटीही होतं. २०२४ मध्ये सुधारित प्रत फिरली, गोंधळ झाला, ती मागे घेतली आणि नवा मसुदा आणू असं सांगितलं. लोकसभेत आपले ४८ खासदार आहेत. आपापल्या खासदाराला एवढंच विचारा: नव्या मसुद्यात भाषेचा वाटा मागणार का?