बरोबर कोण आहे?

गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला अर्जित रजा जोडून मी मोटारसायकलवरून अलिबाग ते कारवार असा आठ दिवसांचा प्रवास एकट्याने केला. वय वर्षे सत्तावन्न, गाडी तेरा वर्षांची स्प्लेंडर, मागे दोरीने बांधलेली एक पिशवी. या आठ दिवसांत एकच प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेला. "बरोबर कोण आहे?" त्याची सुरुवात घरातच झाली होती. सौ.ने विचारले, मेहुण्याने विचारले, शाळेतल्या लेखनिकाने रजेच्या अर्जावर शिक्का मारता मारता विचारले. "कोणी नाही" म्हटल्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच शंका: घरात काही बिनसले तर नाही ना?

प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा विचार नाही. दिवाळी अंकांतून कोकणची वर्णने पुष्कळ येतात. माडाच्या बागा आणि सोलकढी वाचकांना पाठ झाली आहेत. मला भांडायचे आहे, आणि ते या प्रश्नाशी. सीमाभाग असो की आमचे ग्वाल्हेर, दुभाषी मुलखात राहणाऱ्या मराठी घरांचे या एका प्रश्नाने जेवढे नुकसान केले आहे तेवढे कोणत्याही सरकारने केलेले नाही, असे माझे मत झाले आहे. ते कुणाला झोंबले तर झोंबो. मला स्वतःलाही ते झोंबलेलेच आहे.

आम्ही राहतो त्या भागाचे नाव लष्कर. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली तळ दिला. तो तळ पुन्हा उठला नाही, त्याचेच शहर झाले. म्हणजे आमचा पत्ताच मुळी मुक्कामाचा आहे. घर सोडून निघालेल्या माणसांचे आपण वंशज. १८५७ साली पेण तालुक्यातल्या वरसईहून विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यासाठी चार पैसे मिळवायला निघाले, ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून, पायी. वाटेत बंडाची धामधूम पाहिली, जीव वाचवला, परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ साली छापले गेले. त्यांच्याबरोबर चुलते होते, हे मला मान्य आहे. पण १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी घरचे एकही माणूस बरोबर नसताना कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांची तसबीर आपल्या किती शाळांतून लावलेली असते! त्या तसबिरीखाली उभे राहून मी स्वतः भाषणे केली आहेत. मुले टाळ्या वाजवतात. आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्याच मुलांपैकी बारावीतल्या एखाद्याला ग्वाल्हेरहून झाशीपर्यंत, म्हणजे शंभर किलोमीटर, एकट्याने आगगाडीने पाठवायला पालक तयार नसतात.

पालकांना नावे कशाला ठेवू? २०१२ साली माझी मुलगी पुण्याला शिकत होती. तिने एका रात्री फोन केला. स्कूटर घेऊन चार दिवस कोकणात जायचे म्हणत होती, हरिहरेश्वर ते गुहागर. मी विचारले, "बरोबर कोण आहे?" ती म्हणाली, "कोणी नाही, बाबा." मी म्हटले, "मग नाही." तिने वाद घातला नाही. ती गेलीही नाही. त्यानंतर तिने मला कशाचीच परवानगी मागितली नाही. हा समजूतदारपणा आहे, असे मी बरीच वर्षे समजत होतो.

आता माझ्या प्रवासाकडे वळतो. टाकीतले पेट्रोल काढून, गाडीला गोणपाट गुंडाळून ती झेलम एक्सप्रेसने पार्सल केली, पुण्याला सोडवून घेतली आणि जुन्या रस्त्याने बोरघाट उतरलो. ग्वाल्हेरात समुद्र नाही. आहे ती स्वर्णरेखा, तिचाही नाला झालेला. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. अलीकडे केंद्र सरकारने तो नव्याने मोजला तेव्हा ११,०९८ किलोमीटर भरला. जमीन वाढली नाही. जुन्या मोजणीत जी वळणे आणि खाड्यांची तोंडे सुटली होती, ती बारीक नकाशावर मापात आली. किनारा जवळून मोजावा तेवढा लांब होतो, हे मला मोटारसायकलवर पटले. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, आणि शेवटी तेरेखोल ते केरी, अशा पाच ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागली. सागरी महामार्गासाठी यांतल्या काही खाड्यांवर पूल बांधण्याची कामे हाती घेतली आहेत. पूल हवेतच. पण बोटीची वाट पाहत धक्क्यावर उभ्या असलेल्या एकट्या माणसाशी लोक बोलतात. तिकीट फाडणारा विचारतो, "मोटारसायकल एक. माणसं किती?" एकच म्हटले की तो मान वर करून पाहतो, आणि मग बोलणे सुरू होते.

तिसऱ्या दिवशी केळशीच्या अलीकडे एका उतारावर रस्त्यावर आलेल्या खडीवरून चाक घसरले आणि मी पडलो. गुडघा फुटला, क्लचचा दांडा वाकला. मोबाइलला रेंज नव्हती, रस्त्यावर कोणी नव्हते. पाचेक मिनिटे मी तसाच बसून राहिलो आणि स्पष्ट सांगतो, भ्यालो. घरचे सगळे बरोबर होते असे वाटू लागले. मग लक्षात आले की, आपल्याला उठवायला कोणी येणार नाही आणि रागावायलाही कोणी येणार नाही. उठलो, गाडी उचलली. दोन वेळा हातून सुटली, तिसऱ्या वेळी उभी राहिली.

पुढच्या गावात एका गॅरेजवाल्याला म्हटले, "जरा गाडी बनवून द्या हो." तो पोरगा हसला. "काका, बनवलीय कंपनीनं. दुरुस्त करून देतो." मग विचारले, "कुठले तुम्ही?" ग्वाल्हेर म्हटल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मग मराठी कशी काय येते?"

त्या दोन वाक्यांनी मला जे शिकवले ते मराठी मंडळाच्या तीस वर्षांच्या सभासदत्वाने शिकवले नव्हते. 'गाडी बनवणे' हे आमचे हिंदीतून आलेले मराठी. मंडळात ते कोणी दुरुस्त करीत नाही, कारण तिथे सगळेच माझ्यासारखे बोलतात. आणि ग्वाल्हेरात दोनशे वर्षांहून अधिक काळ मराठी माणसे राहतात, हे त्या पोराला ठाऊक नव्हते, का असावे? काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाची कोकणची सहल गेली होती. चौतीस माणसे, भाड्याची बस, इथूनच नेलेला आचारी. सहा दिवसांत आम्ही हॉटेलच्या व्यवस्थापकाखेरीज कोणाशी बोललो नाही, आणि त्याच्याशीही सवयीने हिंदीतच. आपली माणसे, आपला डबा, आपलेच बोलणे घेऊन गेलो आणि तसेच घेऊन परत आलो.

माझे म्हणणे एवढेच आहे. दुभाषी मुलखात मराठी ही घरातली भाषा होऊन बसली आहे, आणि घरात बोलायला थोडे शब्द पुरतात: जेव, झोप, अभ्यास कर. अनोळखी माणसाकडे खोली मागणे, भाव ठरवणे, वाट विचारणे, पंक्चर काढून घेणे, चुकल्यावर माफी मागणे, ही भाषेची खरी कामे. ती घोळक्यात करावी लागत नाहीत. कोणीतरी वडीलधारा ती उरकतो. एकट्याला मात्र ती करावीच लागतात. मुलांची मराठी टिकावी असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी मुलांना मराठी मुलखात एकटे पाठवावे. धाडस आणि भाषा या वरवर दोन गोष्टी दिसतात, पण 'बरोबर कोण आहे' या प्रश्नाने आपण दोन्ही एकदमच मारतो.

यावर "रस्त्यावर माणसे मरतात, हेडमास्तर!" असे म्हणाल. मरतात. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसल्यामुळे मेलेल्यांचा आकडा ५० हजारांवर. पण माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन पाहा. सोळा वर्षांचे पोर स्कूटरवर, परवाना नाही, डोक्यावर काही नाही. वाहन घेऊन दिले कोणी? त्याच बापाने, जो चार दिवसांच्या प्रवासाला नाही म्हणतो. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, असा कायदा २०१९ साली झाला आहे. त्या स्कूटरवर मात्र 'बरोबर कोण आहे' हे विचारावे लागत नाही. मागे दोघे बसलेलेच असतात. धोक्याला आपली हरकत नाही. हरकत आहे ती एकटेपणाला.

"आणि मुलींचे काय?" हा प्रश्न अधिक खरा आहे, आणि मी त्याला बगल देणार नाही. टक्कल पडलेल्या सत्तावन्न वर्षांच्या पुरुषाला रस्त्यावर जे भेटते तेच वीस वर्षांच्या मुलीला भेटेल, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मुलीची भीती खोटी नाही, आईबापांचीही नाही. पण आपण भीतीवर मनाई हे औषध देतो, आणि ते फक्त आपल्यालाच लागू पडते: आपल्याला झोप लागते. मुलीला हवी असते तयारी. उजेडात मुक्कामाला पोचणे, खोली आधी ठरवणे, गाडीची किरकोळ दुरुस्ती येणे, ठरल्या वेळी फोन, आणि काही घडले तर 'तरी सांगत होतो' असे न म्हणणारा बाप. २०१२ साली मी यांतले काहीही देऊ शकलो असतो. मी दोन शब्द दिले.

आठव्या दिवशी काळी नदीवरच्या पुलावरून कारवारात शिरलो. शेजारचा जुना पूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोसळला. दुपारी एका खानावळीत जेवलो. मालक आचाऱ्याशी कोकणीत, फोनवर कानडीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होता. त्याला तिन्हींची काही अडचण दिसली नाही. ज्या मालगुंडला केशवसुतांचा जन्म झाला तिथून मी तीन दिवसांपूर्वी गेलो होतो. शिक्षकाच्या नोकरीत गावोगाव फिरलेले ते १९०५ साली हुबळीला वारले. सीमेवरच्या मंडळींना मी काय सांगावे? तुम्ही १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळता, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याची वाट पाहता. जरूर पाहा. पण उरलेल्या ३६४ दिवसांत तुमची मुले कुठे एकटी जातात, हेही एकदा घरात विचारा. चौदाव्या वर्षी एस.टी.ने एकटे मामाकडे. अठराव्या वर्षी परवाना, हेल्मेट आणि चार दिवस किनाऱ्याने. मुलगा असो वा मुलगी. न्यायालयाचा निकाल आपल्या हाती नाही, एवढे तर आहे?

कारवारहून मी मुलीला फोन केला. तिने विचारले, "बाबा, भीती वाटली?" मी म्हटले, "वाटली. केळशीच्या उतारावर." "मग?" "मग गाडी उचलली." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला तेव्हा एवढंच करायचं होतं."

या डिसेंबरात ती जाणार आहे. पाच वर्षांची नात तेवढे दिवस आमच्याकडे राहील. बरोबर कोण आहे, हे मी तिला विचारलेले नाही. स्पार्क प्लगचा पाना मात्र देऊन ठेवला आहे.