मूळ गाव कुठलं?

इंदूरला गेलो की सकाळी पोहे-जलेबी आणि रात्री सराफा, हे ठरलेलं. या खेपेस मात्र भाचीने मला संगणकासमोरच बसवलं. तिथल्या एका छोट्या मराठी मंडळाचं (नाव मुद्दाम सांगत नाही) संकेतस्थळ ती सांभाळते. "मामा, लोक सभासदत्वाचा फॉर्म उघडतात आणि अर्ध्यातून निघून जातात. तुम्ही जरा बघा ना."

बघितला. रकाने २३! वडिलांचं किंवा पतीचं नाव, शिक्षण, व्यवसाय, रक्तगट, घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा... शेवटी एक करडं बटण, 'सबमिट'. मी दहाव्या रकान्यापाशीच दमलो. त्यात 'मूळ गाव' भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. इंदूर १८१८ साली होळकरांची राजधानी झालं. त्या सुमारास आलेल्या घराण्यातला आजचा मुलगा मूळ गाव म्हणून काय लिहिणार? आणि खरं सांगू? आम्हा गोंयकारांना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. गावावरून कुळदेव, कुळदेवावरून जात. विचारणाऱ्याच्या मनात तसं नसेलही, पण भरणाऱ्याचा हात तिथे थबकतो.

इंदूरचा मराठी माणूस सभासद व्हायला नाखूष आहे म्हणावं, तर तसंही नाही. सानंद न्यासाचे प्रेक्षक पाहा. रामुभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत, बहार असे सभासदांचे पाच गट, आणि एकाच नाटकाचे प्रयोग गटवार होतात. आमच्याकडे जत्रेतल्या नाटकांना फुकट गर्दी, पण वर्गणीदार प्रेक्षक म्हटलं की बोंब! तिथे सभासद झाल्यावर काय मिळणार हे माणसाला आधीच कळतं. भाचीच्या फॉर्मवर नेमकं तेच कुठे नव्हतं.

जॅरेड स्पूल यांनी २००९ साली एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची हकिगत लिहिली होती. पैसे भरण्याआधी 'नोंदणी करा' असं बटण आडवं यायचं. ते काढून 'पुढे चला' केलं आणि खातं उघडणं आवश्यक नाही असं सांगितलं. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले, वर्षात ३० कोटी डॉलर जास्त आले. गिऱ्हाइकाला वस्तू हवीच होती, दारातली चौकशी नको होती.

आम्ही तीनच रकाने ठेवले : नाव, मोबाइल आणि घरातले किती जण येणार. नाव देवनागरीत लिहा की रोमनमध्ये, दोन्ही चालेल. मोबाइलच्या आकड्यांत मोकळी जागा सोडली तरी यंत्राने लाल डोळे करायचे नाहीत. रकान्याचं नाव चौकटीच्या वर, कारण चौकटीतलं फिकट अक्षर टंकायला लागताच नाहीसं होतं आणि वडीलधारी मंडळी गोंधळतात. वर दोन ओळींत वर्षाचे कार्यक्रम आणि वर्गणी. बटणावर 'मला सभासद व्हायचंय'. आधीच टिचकी मारून ठेवलेली संमतीची चौकटही काढली. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही कामापुरतीच माहिती घ्यायला सांगितलं आहे.

संध्याकाळी मंडळाच्या कार्यवाहांचा फोन आला. "अगं, मग हे लोक मूळचे कुठले ते कळणार कसं?"

"काका, कार्यक्रमाला आले की चहा पिताना विचारा ना!"

मूळ गाव गेलं. रक्तगटाचा रकाना मात्र काकांनी अजून सोडलेला नाही.