राखले तरच उरते

युरोप खंडातील आल्प्स पर्वताच्या उंच कड्यांवर आयबेक्स नावाचा रानबोकड राहतो. नराची मागे वळलेली, गाठीगाठींची शिंगे कधीकधी दोन हात लांब भरतात. जेथे मनुष्याचा पाय ठरत नाही, तेथे तो निर्धास्तपणे चढून जातो. परंतु बंदुकीपुढे त्याचे चापल्य व्यर्थ ठरले. मांसासाठी, शिंगांसाठी आणि त्याचे अवयव औषधी असतात या समजुतीपायी त्याची बेसुमार हत्या झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इटलीतील ग्रान पाराडिसो या डोंगराळ मुलखात जेमतेम शंभरएक आयबेक्स उरले. उरलेल्या आल्प्समधून ते नाहीसे झाले.

१८२१ साली तेथे त्याच्या शिकारीस बंदी झाली. १८५६ साली दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल या राजाने ते रान आपल्या शिकारीसाठी राखून ठेवले आणि पहारेकरी नेमले. हेतू स्वतःच्या हौसेचा होता. तरी पहाऱ्यामुळे प्राणी वाचला. पुढे १९२२ साली तेथे इटलीचे पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. एका राजाचे रान साऱ्या राष्ट्राचे झाले.

कायदा केला, सीमा आखली, म्हणजे रक्षणाचे काम संपले, असे कोणी म्हणेल. परंतु हा भ्रम होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पहारा ढिला पडला, चोरटी शिकार माजली. पूर्वी हजारांनी मोजले जाणारे आयबेक्स १९४५ साली उद्यानात अवघे ४१९ राहिले. उद्यान कागदोपत्री तसेच होते. उणीव होती ती जागत्या डोळ्यांची.

सुदैवाने रक्षणाची घडी पुन्हा बसली. ग्रान पाराडिसोच्या कळपांपासून वाढवलेले प्राणी ठिकठिकाणी सोडण्यात आले. स्वित्झर्लंडमध्ये हे कार्य १९११ सालीच सुरू झाले होते. आज आल्प्समध्ये सुमारे ५०,००० आयबेक्स आहेत. ही गोष्ट अभिमानास्पद खरीच. पण तिला दुसरी बाजूही आहे. हे सारे त्या मूठभर प्राण्यांचे वंशज असल्याने त्यांच्यात आनुवंशिक विविधता फार थोडी आहे. अशा वंशावर एखादी साथ आली, तर तिला तोंड देणे कठीण जाऊ शकते. संख्या भरून आली. गमावलेली विविधता मात्र परत आली नाही.

म्हणून प्राणी दुर्मीळ झाल्यावर त्याचा कैवार घेण्यापेक्षा तो विपुल असतानाच त्यास जपणे अधिक शहाणपणाचे होय. आणि जपणे म्हणजे केवळ नियम करणे नव्हे, तर ते नियम ऊनपावसात व हिमात नित्य पाळले जातील, अशी दक्षता घेणे होय.