रणगाडे आणि 'पोलीस ॲक्शन'



दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्या येडशीत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. यंदा माझ्या सातवीतल्या मुलीला शाळेत भाषण करायचे होते. आदल्या रात्री वही घेऊन ती माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "पप्पा, इथं लिहिलंय पोलीस कारवाई. मग सोलापूरहून रणगाडे आले, ते पोलिसांचे होते का?"

मी हसलो, पण उत्तर सुचेना. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. आमची म्हातारी माणसे पोरांची वयेसुद्धा त्यावरून मोजत, "ह्यो ॲक्शनच्या आदल्या साली झाल्याला." रणगाड्यांचा प्रश्न मात्र मला चाळिशी उलटली तरी पडला नव्हता.

घडले ते असे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालचे चिलखती दल सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हद्दीत शिरले. पहिल्याच दिवशी आपल्या जिल्ह्यातले नळदुर्ग पडले. वरून विमानेही होती. १७ तारखेला निजामाने माघार घेतली. लष्कराच्या कागदावर या मोहिमेचे नाव 'ऑपरेशन पोलो' होते. जनतेला सांगताना मात्र 'पोलीस ॲक्शन'.

मी कारकून माणूस. आमच्या कामात एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कागदाच्या माथ्यावर 'विषय' म्हणून काय लिहिले आहे, त्यावर तो कोणत्या टेबलाला जाणार आणि त्यावर कोणता शेरा पडणार हे ठरते. समजा भिंत पडून माणूस दगावला आणि विषय लिहिला 'भिंत दुरुस्तीबाबत'. कागद बांधकामाकडे जातो, भिंत नवी होते, बिल पास होते. माणूस त्या कागदात उरतच नाही.

तेव्हाच्या सरकारनेही असाच विषय ठरवला. निजामाने ऑगस्टमध्ये युनोच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. युद्ध म्हटले की दोन देशांचे भांडण ठरते आणि जग मध्ये पडते. पोलीस कारवाई म्हटले की घरातला बंदोबस्त. शब्द बाहेरच्यांसाठी निवडला खरा, पण तो बसला आपल्या डोक्यात.

आणि गंमत पाहा. १९४७ साली डच सरकारने इंडोनेशियावर फौज घातली, तेही तिला 'पोलीस कारवाई'च म्हणत होते. त्याविरुद्ध युनोत दाद मागायला गेलेल्यांत आपला भारत होता! पुढे जून १९५० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना पत्रकारांनी कोरियाबद्दल हाच शब्द सुचवला, तर त्यांनी लगेच होकार दिला. ती 'पोलीस कारवाई' तीन वर्षे चालली. राजाला लढाईसाठी रयतेला विचारावे लागत नाही. लोकांच्या मतावर उभ्या असलेल्या सरकारला विचारल्यासारखे तरी करावे लागते, म्हणून तिथे शब्द फार जपून निवडतात.

आता कोणी म्हणेल, रझाकारांचे अत्याचार खोटे होते का? मुळीच नाही. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याची त्यांची भाषा. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. ते मुसलमान होते, हे झेंडावंदनाच्या भाषणात सहसा कोणी सांगत नाही. माझी आजी म्हणायची, "रझाकारात दिस मावळला की पोरं घिऊन रानात झोपायला जायचो." हे सगळे खरे. प्रचार नेहमी खोट्यावरच चालतो असे नाही. पुष्कळदा तो खरेच सांगतो, फक्त सांगणे कुठे थांबवायचे ते तो ठरवतो.

आपल्या समाजाचीही त्यात ओढाताण झाली. दलित पुढारी बी. श्यामसुंदर निजामाच्या शिष्टमंडळातून युनोपुढे गेले. बाबासाहेबांनी मात्र २७ नोव्हेंबर १९४७ च्या निवेदनातच, निजामाच्या आणि इत्तेहादच्या बाजूला जाऊ नका, असे संस्थानातल्या आपल्या लोकांना बजावले होते. ॲक्शनच्या वेळी बाबासाहेब कायदामंत्री होते, तेव्हा तू हा विषय उकरू नकोस, असे आमचे एक कार्यकर्ते मित्र मला म्हणाले. मला ते पटत नाही. संस्थान विलीन झाले ते योग्यच झाले. पुढे काय झाले हे विचारणे ही वेगळी गोष्ट आहे.

पुढे काय झाले? त्याच वर्षअखेरीस पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींना संस्थानात पाहणीला पाठवले. त्यांनी १६ पैकी ९ जिल्हे पाहिले. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर निदान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज. बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ चार जिल्ह्यांना: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. सैन्य-पोलिसांतले काही जण लुटीत आणि हत्येत सामील असल्याचेही त्यात आहे. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबे वाचवल्याचेही आहे.

सरकारने तो अहवाल छापला नाही. अनेक वर्षांनी त्यातले भाग बाहेर येऊ लागले. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांनी तो आपल्या पुस्तकात दिला. पासष्ट वर्षे गेली. विषयच 'पोलीस कारवाई' असल्यावर हजारो मयत कोणत्या टेबलावर ठेवायचे?

आजीच्या माहेरी एक मनियार चाची बांगड्या भरायला यायची. आमच्या वस्तीतल्या बायकांचा हात धरून बांगडी भरणारी तीच एक, म्हणून आजीला तिचे फार कौतुक. ही गोष्ट सांगताना आजी शेवटी म्हणायची, "ॲक्शनपसून आली न्हाई." आम्ही पोरे ती गोष्ट ऐकून झोपी जायचो. का आली नाही, कुठे गेली, असे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नाही.

मुलीने वहीतले 'पोलीस कारवाई' खोडले आणि 'पाच दिवसांची लढाई' लिहिले. चाचीची गोष्टही तिला भाषणात घालायची होती. तिने नाव विचारले. मी माझ्या आईला फोन लावला. आईलाही नाव ठाऊक नव्हते. आजी जाऊन आता अकरा वर्षे झाली.