कानाने वाचणारी मुलं

लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी आज काचेचे मनोरे उभे आहेत. शेजारच्या चाळींतही मोबाइल पोहोचला आहे. हा फोन मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, बोललेलं लिहून घेतो. समज चांगली, पण अक्षरं लावताना अडखळणाऱ्या, म्हणजे डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला आणखी काय हवं?

माझ्या मते, हवी आहे ती वर्गातली परवानगी.

महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. १९९५ च्या केंद्रीय अपंग कायद्यात मात्र अध्ययन-अक्षमतेचा उल्लेखही नव्हता. तो आला २०१६ च्या कायद्यात. किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित झालेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि साहाय्यक साधनं मोफत मिळावीत, असं त्याचं १७ वं कलम सांगतं. त्या रेषेच्या अलीकडे राहिलेल्या मुलाचं काय? आणि प्रमाणपत्रासाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी खेपा घालायच्या, तर रोजंदारीवरच्या आईबापांनी कामावर किती खाडे करायचे?

परीक्षा वर्षातून काही दिवसांची असते, वाचनाची अडचण रोजची. पुस्तकाचं पान नुसतं छायाचित्र असेल किंवा मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर यंत्रही गोंधळतं. अशा मुलांसाठी वाचता येण्याजोग्या प्रती करायला २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने वाट मोकळी केली आहे. म्हणजे कायदा आहे, यंत्र आहे. अडतं ते आपल्या मनात.

चष्मा लावून वाचणाऱ्या मुलाला कुणी लबाड म्हणत नाही. मग कानाने वाचणाऱ्यालाच का म्हणावं?