आधी कारण सांगा, मग पिशवी काढा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धुळे
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, धुळे
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, धुळे
(मा. प्रांताधिकारी, शिरपूर यांच्यामार्फत)

विषय : पाळीत जास्त व दीर्घकाळ रक्तस्राव होणाऱ्या महिलांची तपासणी, उपचार आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरील देखरेखीबाबत.

महोदय,

दुखणे अंगावर काढायची आमच्या बायांना सवयच आहे. अंगावरून जास्त जाते, तेही त्या तसेच अंगावर काढतात. कपाशी वेचणीला गेलेली बाई दुपारपर्यंत तीनदा घडी बदलते. पण रोज बुडेल म्हणून दवाखान्यात जात नाही. जाते तेव्हा चक्कर येऊन पडलेली असते.

मागच्या बैठकीत एका सभासद बाईने तीन वर्षांचे कागद समोर ठेवले. सोनोग्राफीचे दोन अहवाल, लोहाच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि शेवटी शस्त्रक्रियेनंतरचे घरी सोडल्याचे कार्ड. थायरॉईडच्या तपासणीचा कागद नव्हता. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासल्याचाही नव्हता. वय सदतीस. पिशवी का काढली, असे विचारल्यावर ती म्हणाली, “खराब झाली होती म्हणे.”

‘खराब होणे’ हे कोणत्याच आजाराचे नाव नाही. सात-आठ दिवसांहून जास्त रक्त जाणे, गाठी पडणे, तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागणे ही लक्षणे आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी असतात. अस्तराचा कोंब वाढून पॉलिप होतो. स्नायूंत फायब्रॉईडची गाठ होते. अस्तर स्नायूंत शिरून ॲडिनोमायोसिस होतो. क्वचित कर्करोग किंवा त्याआधीची अवस्था असते. काही वेळा गर्भाशय निर्दोष असते आणि दोष थायरॉईडचा, बीज वेळेवर न सुटण्याचा, रक्त गोठण्यातील उणिवेचा, तांबीचा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा असतो. वयात येणाऱ्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच असे जात असेल, तर रक्त गोठण्याची तपासणी आवर्जून करावी लागते.

पॉलिप बहुतेक वेळा साधा असतो. लहान पॉलिप कधी कधी आपोआप जिरतो. त्रास देणारा दुर्बिणीतून काढता येतो आणि पिशवी शाबूत राहते. पॉलिप म्हटले की पिशवी काढायची, असा नियम नाही. कमी वयात पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो.

बीड जिल्ह्याचा धडा समोर आहे. २०१९ मध्ये तेथे ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आमच्या भागातूनही कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या तीन महिन्यांत लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी राज्यांना बजावले.

त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल आणि पावरा वस्तीत सिकलसेलही आढळतो. रक्त आधीच कमी, त्यात ते दर महिन्याला असे जाते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाळीच्या तक्रारींसाठी आठवड्यातला एक वार ठरवावा. तो बाजाराचा दिवस असावा, म्हणजे खेड्यातली बाई एका फेरीत येऊन जाईल.

२. हिमोग्लोबिन, सिकलसेल, गर्भचाचणी, थायरॉईड आणि सोनोग्राफी मोफत व्हावी. पॉलिप नीट दिसावा म्हणून सोनोग्राफीची तारीख पाळी संपताच लगेचच्या दिवसांतली द्यावी.

३. चाळिशी उलटलेल्या किंवा औषधाने फरक न पडलेल्या महिलेच्या अस्तराचा तुकडा तपासावा. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही दवडू नये.

४. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या, हार्मोनची औषधे आणि गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन सरकारी दवाखान्यातच मिळावे.

५. दुर्बिणीने पॉलिप काढण्यासाठी धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिरपूरच्या रुग्णांना ठरलेली तारीख मिळावी. चिठ्ठी देऊन बाईला नुसते धुळ्याच्या बसमध्ये बसवू नये.

६. जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेचे कारण, रुग्णाचे वय आणि आधी केलेले उपचार नोंदवावेत. खासगी रुग्णालयेही यात यावीत. चाळिशीच्या आतील महिलेसाठी दुसऱ्या डॉक्टरचे लेखी मत सक्तीचे करावे. काढलेल्या गर्भाशयाचा तपासणी अहवाल तिच्या हातात द्यावा. देखरेख समितीवर महिला संघटनांची प्रतिनिधी घ्यावी.

७. आशा आणि अंगणवाडी सेविकांना या लक्षणांचे प्रशिक्षण द्यावे. माहिती मराठीसोबत अहिराणी आणि पावरीतही सांगावी.

शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. कर्करोगात किंवा इतर उपाय थकल्यावर ती जीव वाचवते. गरज असेल तेथे ती जरूर करावी. मात्र पिशवी कशासाठी काढली, हे त्या बाईला स्वतःच्या तोंडाने सांगता आले पाहिजे.

या पत्राचे लेखी उत्तर एका महिन्यात मिळावे, ही विनंती.

आपल्या,
शिरपूर तालुक्यातील महिला संघटनेच्या सभासद