आलापल्लीचे सागवान : लाकडाचा इतिहास की माणसांचा?

१/ २९ मार्च २०२३ रोजी अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठीचे सागवान बल्लारपूरहून निघाले. काष्ठपूजन झाले, शोभायात्रा निघाली. तेव्हापासून आलापल्लीच्या सागवानावर अनेक धागे लिहिले गेले. त्यांत लाकडाचा टिकाऊपणा आहे, इंग्रज अधिकारी आहेत, मंत्री आहेत. मी वाचलेल्या एकाही धाग्यात झाड तोडणारा माणूस नाही. हा धागा त्या अनुपस्थितीविरुद्ध आहे.

२/ माझा आक्षेप मंदिराला नाही, सागवानाच्या कौतुकालाही नाही. आक्षेप आहे तो आपल्या सवयीला. आपण लाकडाचे चरित्र लिहितो आणि त्याला प्रदेशाचा इतिहास म्हणतो. बल्लारपूर आणि आलापल्ली ही गावे लाकडावर वाढली हे खरे. पण लाकूड स्वतः चालत आगारात आले नाही.

३/ आरंभ नदीपासून करू. रेल्वे या भागात येण्यापूर्वी दक्षिण चांद्याचे लाकूड प्राणहितेतून गोदावरीत आणि तेथून राजमहेंद्रीकडे, म्हणजे पूर्व किनाऱ्याकडे जात असे. आता एक साधी गोष्ट ध्यानात घ्या : ओले सागवान पाण्यात बुडते. ते उभ्या झाडावरच वाळवावे लागते किंवा बांबूच्या तराफ्याला बांधून तरंगवावे लागते. पुराचे पाणी केव्हा चढेल, खडक कुठे आहेत, दोर कुठे सुटेल, हे ज्यांना कळत होते त्यांच्यावाचून हा व्यापार एक दिवसही चालला नसता.

४/ मग कायदा आला. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलाची मालकी सरकारकडे गेली. राखीव वनात फिरती शेती गुन्हा ठरली. कालचा जंगलवासी आज अतिक्रमक झाला. परंतु तोडीला, वणवा विझवायला, रस्ते करायला माणसे तर हवीच होती. म्हणून मध्य प्रांतात वनग्रामे वसवली गेली. कसायला जमीन मिळे, मालकी मिळत नसे. मोबदल्यात वनखात्याच्या कामाला हजर राहावे लागे. ‘शास्त्रीय वनव्यवस्थापन’ हा शब्द लिहिताना ही अट आपण का गाळतो?

५/ कूपातले काम अंगमेहनतीचे होते, पण केवळ अंगमेहनतीचे नव्हते. खुणेच्या हातोड्याचा ठसा पाहून झाड ओळखायचे, ते शेजारची कोवळी झाडे न मोडता पाडायचे, नासधूस न होईल अशा बेताने तुकडे करायचे, बैलांनी ओढून गाडीवाटेला आणायचे, आगारात लांबी-गोलाईनुसार थप्प्या लावायच्या. प्रत्येक टप्प्यावर चूक झाली तर लाकूड फुटते किंवा माणूस चिरडतो. याला कौशल्य म्हणायचे नाही, तर कशाला?

६/ कमलापूरच्या हत्ती कॅम्पचे उदाहरण घ्या. या भागात हत्तींकडून पूर्वी लाकूड उचलण्याचे काम करून घेत. आज बसंती, मंगला, अजित ही तिथल्या हत्तींची नावे वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचली आहेत. २०२२ मध्ये हत्ती गुजरातला हलवण्याची चर्चा निघाली तेव्हा लोक विरोधात उभे राहिले, आणि ते योग्यच होते. पण त्याच ओंडक्याला साखळी बांधणाऱ्या एका तरी मजुराचे नाव आपल्याला सांगता येईल का?

७/ यावर ठरलेले उत्तर येते : ‘त्यांचे दस्तऐवज नाहीत.’ हे उत्तर मला मान्य नाही. ज्या व्यवस्थेने प्रत्येक ओंडक्याला क्रमांक दिला, त्याची लांबी आणि गोलाई नोंदवली, तिने मजुरीचाही हिशेब ठेवला. हजेरीपटावर अंगठे आहेत. वनगुन्ह्यांच्या नोंदींत आरोपींची नावे आहेत. स्वातंत्र्यानंतर ठेकेदाराला बाजूला सारण्यासाठी निघालेल्या जंगल कामगार सहकारी संस्थांना सभासद होते, सभा होत्या, इतिवृत्ते होती. आपण कार्य आयोजनेतील झाडांचे तक्ते वाचतो आणि मजुरीचे पान उलटून पुढे जातो.

८/ दुसरे उत्तर : ‘आदिवासींचा इतिहास आम्ही सांगतो की!’ सांगता, पण कोणाचा? बाबुराव शेडमाके यांचा. १८५८ चा त्यांचा उठाव आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना झालेली फाशी महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायलाच हवी. मात्र शेडमाके जमीनदार घराण्यातले होते. एका बाजूला वीर, दुसऱ्या बाजूला साहेब, आणि मध्ये दीडशे वर्षे कोणीच नाही, असा इतिहास कसा चालेल?

९/ तिसरी चूक सर्वांत गोड, म्हणून सर्वांत घातक. ‘निसर्गाशी एकरूप झालेले भोळे वनवासी’ हे वर्णन ऐकायला बरे वाटते. पण त्यामुळे मजुरीचा दर, थकलेली रक्कम, अपघात, वेठ हे सारे प्रश्न अदृश्य होतात. एकरूप झालेल्या माणसाला पगार कशाला लागेल? गोंड आणि माडिया माणसे जंगलाची शोभा नव्हती. ती या उद्योगातील कामगारही होती.

१०/ बांबूचीही हीच कथा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा इतिहास आपण उद्योजकांच्या नावाने सांगतो. बांबू तोडणारा गडचिरोलीचा माणूस मात्र कायद्याने त्या बांबूचा धनी नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. तोडणारा आणि विकणारा एकच झाला. माझ्या मते या जिल्ह्याच्या इतिहासातील हा दिवस कोणत्याही काष्ठपूजनाइतका मोठा आहे. त्यावर किती धागे आहेत?

११/ ‘राखीव वने नसती तर जंगल उरले नसते’, हा आक्षेप गंभीर आहे. आलापल्लीचे वनवैभव आज उभे आहे, २०१४ मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ ठरले, याचा मलाही अभिमान आहे. पण राखीव वनाची सीमारेषा साफ ठेवणारे, वणव्यात फांद्या घेऊन धावणारे हात कोणाचे होते? संरक्षणाचे श्रेय कायद्याला आणि नासाडीचा दोष गावकऱ्याला, ही वाटणी पुराव्यावर नव्हे, सवयीवर उभी आहे.

१२/ शेवटी एक कबुली. माझे आजोबा आलापल्लीच्या कूपांतून बैलगाडीने लाकूड आणत. ओंडक्यावर कुऱ्हाडीची पाठ मारून तो आतून पोकळ आहे की भरीव, हे ते आवाजावरून सांगत. मी इतिहास शिकायला शहरात आलो, अभिलेखागारांत बसलो, आणि त्यांना एकही प्रश्न न विचारता ते गेले. हरवलेल्या त्या दस्तऐवजाचा दोष मी कोणत्याही इंग्रज अधिकाऱ्यावर ढकलू शकत नाही.

१३/ म्हणून विनंती. कूपात, आगारात, आरागिरणीत काम केलेली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. तुमच्या घरी, गावात असे कोणी असेल तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. दिवसाची मजुरी किती होती, कोणाची थकली, कोण जखमी झाले, झाड कसे पाडत, हे विचारा आणि नाव, गाव, तारखेसह लिहून ठेवा. लाकडाला क्रमांक देऊन झाले आहेत. आता माणसांची नावे लिहू.

धागा समाप्त.